‘येते’ म्हणायची चोरी

परवा इस्लामपूरहून सांगलीकडं येताना मी बसची काच मुद्दाम उघडी ठेवली. शेजारच्या बाई दोनदा म्हणाल्या, "ओढून घ्या की काच, धूळ येतीया." मी म्हटलं, "थोडी कळ काढा, आता हळद येईल." त्या बिचाऱ्या माझ्याकडं बघतच राहिल्या. पण आष्ट्याच्या अलीकडं एका खळ्यावर वाफेचा पांढरा लोट दिसला आणि वास आलाच. शिजत्या हळदीचा वास ज्यानं घेतलेला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद वेगळी. ही ओली असते, मातीची असते, थोडी कापरासारखी, थोडी उकडलेल्या रताळ्यासारखी, आणि एकदा नाकात बसली की दिवसभर हलत नाही. मी पन्नाशीला टेकलेली बाई, गुडघे कुरकुरतात, पण हा वास आला की मला सीटवर बसवत नाही. शाळेची सहल निघाल्यासारखं होतं.

याचं कारण एक मुलगी आहे. इथं मी तिला माया म्हणते. खरं नाव सांगायची मुभा नाही, आणि असती तरी मी सांगितलं नसतं. ती ज्या वर्षी आमच्याकडं आली त्या वर्षीची हळद माझ्या अंगातून अजून उतरलेली नाही.

मी मुलींच्या बालगृहात समुपदेशक आहे. सांगली सोडून थोडं बाहेर आलं की हळदीची शेतं लागतात, त्यांना लागूनच आमचं आवार. एक लोखंडी फाटक, एक मोठं लिंबाचं झाड, दोन लांबलचक खोल्या. ज्या मुलींना घर नाही, किंवा घर आहे पण तिथं ठेवण्यासारखं नाही, त्या इथं येतात. त्यांनी कुठं राहायचं, कुणाकडं जायचं, हे बाल कल्याण समिती ठरवते. आम्ही तोवर सांभाळायचं. सांभाळायचं म्हणजे काय, हे मला तोवर अगदी पक्कं माहीत आहे असं वाटत होतं, आणि त्यातच सगळी गंमत झाली.

त्या हंगामाच्या तोंडाशीच मी पुण्याला चार दिवसांचं प्रशिक्षण करून आले होते. ज्या लेकराच्या मनाला जबर मार बसलाय त्याच्याशी वागायचं कसं, हा विषय. मी तर हरखून गेले. इतकी वर्षं जे चाचपडत करत होते त्याला कुणीतरी नाव दिलं होतं, क्रम दिला होता. विचारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही. दार अडवून उभं राहायचं नाही. पुढं काय होणार ते आधी सांगायचं. तीच तीच गोष्ट पुन्हा वदवून घ्यायची नाही. मी वहीभर लिहून आणलं आणि सोमवारी सकाळी कामाला लागले. आमच्या शेवंतामावशी मुलींच्या वेण्या घालत बसल्या होत्या. मूळच्या खंडाळ्याकडच्या, लेकीपाठोपाठ सांगलीला आल्या आणि इथं काळजीवाहक म्हणून लागल्या. मी म्हटलं, "मावशी, आजपासून कुणाच्याही केसाला हात लावायच्या आधी विचारायचं." मावशींनी फणी थांबवली. "आवं म्याडम, उवा काय इचारून काढायच्या व्हय?" सगळ्या पोरी हसून लोळायला लागल्या. मी तोऱ्यात म्हटलं, "हो, विचारूनच." तर दिवसभर तोच धंदा. कुणी ताटात भात वाढायला गेलं की पोरी म्हणायच्या, इचारलं का. मला राग येत होता आणि आतून मजाही वाटत होती, कारण निदान शब्द तरी तोंडी आला होता.

आणि त्याच आठवड्यात माया आली.

सात वर्षांची असेल. घर आटपाडीकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. वडील वारले होते. आईनं तिला सांगलीच्या स्टँडवर एका बाकड्यावर बसवलं होतं, "बस हितं, येतो" म्हणून सांगितलं होतं, आणि आई गेली ती आलीच नाही. आमच्याकडं खेड्यातल्या बायकासुद्धा येतो, जातो, करतो असंच बोलतात. येते-जाते हे आम्ही शिकलेल्यांनी लावून घेतलेलं. पोर त्या बाकड्यावर सकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसून होती. शेंगा विकणाऱ्या एका बाईनं पोलिसांना सांगितलं. उचलायला गेले तर ती हवालदाराला चावली. तिची आई त्या दिवशी कुठं गेली, का गेली, हे मला आजही माहीत नाही. त्या बाईला शिव्या देणारे पुष्कळ भेटले. मी देत नाही. काय झालं असेल तिचं, कुणी बघितलंय.

हे सगळं कागदावरून कळलं. मी ठरवलं, आपण विचारायचं नाही. पण आमच्या कामात न विचारणं फार अवघड असतं. पोलिसांनी विचारलेलं असतं, मग डॉक्टर विचारतात, मग समितीत विचारतात, शाळेत नाव घालायला गेलं तर तिथंही विचारतात, आणि सगळे चांगलीच माणसं असतात. प्रत्येकाच्या कागदात एक रकाना असतो आणि रकाना रिकामा राहिला की माणसाला चैन पडत नाही. मी मात्र फाटकातच सगळ्यांना गाठायची आणि सांगायची, "फाईलमधे सगळं आहे, पोरीला नका विचारू." माझी स्वतःवर भलतीच खुशी होती. वहीतला एकेक नियम मी पाळत होते, मुलगी एक दिवस बोलणार, आणि आपण पुण्याला फोन करून सांगणार.

मुलगी बोलत नव्हती. जेवत नव्हती म्हणायला हरकत नाही, सकाळी चार घास खायची तेवढेच. दिवस मावळायला आला की फाटकाशी जाऊन बसायची, गजांना धरून. उठवायला गेलं की चावायची. मावशींच्या मनगटावर दातांचे वळ उठले होते. दिवसा मी विचारून हात लावायची, तरी मलाही चावली. दोनदा. अंधार पडला, मच्छर आले, तरी हलायची नाही, आणि शेवटी तिथंच पेंगायची, असं रात्रपाळीच्या बाई सांगायच्या. मी फाईलमधे लिहिलं, ‘आईची वाट पाहते’. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. किती छान वाक्य लिहिलं आपण, असंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिकडं समितीत चर्चा सुरू झाली. त्यांचंही चुकत नव्हतं. पोर खात नाही, चावते, वजन उतरतंय. अशा मुलींसाठी लांब एक वेगळी संस्था आहे, तिथं डॉक्टर असतात, तिथं हलवावं. महिनाभर बघू, मग निर्णय घेऊ, असं मला सांगितलं. एका बाकड्यावरून उचललेली पोर परत उचलायची, परत गाडीत घालायची, आणि परत कुणालातरी चावायला लावायची. आणि तिचं आटपाडीकडचं कुणी मिळालंच, तर इतक्या लांब कोण जाणार तिच्यासाठी. माझ्या हातात महिना होता.

आमच्या भिंतीपलीकडं तेव्हा हळद काढणं चाललं होतं. बायका ओळीनं बसून हळकुंडं मोडायच्या, माती झाडायच्या, गाणी नाहीत, मोबाईलवर मालिकेतली भांडणं लावलेली. त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. त्यातली एक जण भिंतीवरून मायाला हाक मारायची, "ए पोरी, ये की हळद येचायला." माया तिकडं बघायचीसुद्धा नाही. तिचं लक्ष फाटकाकडं.

आणि मग तो बुधवार. मी सकाळी नेहमीसारखी आले, चप्पल काढली, "माया, मी आले गं" म्हटलं. ती उठली, सरळ माझ्याकडं आली आणि तिनं माझ्या पोटात बुक्की मारली. लहान मूठ, पण काय ताकद होती तिच्यात. "येतो म्हनली हुतीस," ती म्हणाली.

मला आधी आनंदच झाला, बोलली म्हणून. मी म्हटलं, "आले की गं. ही काय आले."

"काल. काल जाताना येतो म्हनलीस. आलीच न्हाईस."

मी तिथंच खाली बसले. गुडघ्यात कळ आली ती कळलीही नाही. संध्याकाळी साडेपाचला पर्स उचलायची, मुलींच्या डोक्यावरून नजर फिरवायची आणि म्हणायचं, "चला, येते हं." तिच्यापुढं तर मी वाकून, खास तिच्या डोळ्यांत बघून म्हणायची, "माया, येते हं बाळा." आणि ती पोर फाटकाशी जाऊन माझी वाट बघत बसायची. आईची नव्हे हो, माझी. रोज. येते म्हटलंय म्हणजे आत्ता येणार. आईनंही तेच म्हटलं होतं आणि तेवढं म्हणून निघून गेली होती. फाईलमधलं माझं ते सुंदर वाक्य साफ चुकलं होतं.

त्या दिवशी मी वेड्यासारखी आवारात फिरत राहिले. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त काहीतरी सापडल्याचा जो एक थरार असतो, तो चढला होता. मी कान देऊन ऐकायला लागले. दूधवाला किटली उचलून म्हणाला, येतो. गॅसवाला म्हणाला, येतो मावशी. तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येते हं सगळ्याजणी. शिवणाच्या बाई, शिक्षिका, समितीचा कागद घेऊन आलेला शिपाई, जो तो फाटकातून बाहेर पडताना येतो म्हणत होता आणि कुणीही येत नव्हतं. आपल्या भाषेतला हा किती गोड संकेत, मी स्वतः तो पोरींना शिकवत आले. ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं. दारातून निघणाऱ्या माणसानं परत येण्याची ग्वाही देऊन जावं. घर असलेल्या माणसांसाठी तो गोड आहे. आमच्या फाटकात तो रोज दहा वेळा खोटा पडत होता आणि पुण्याच्या वहीत त्याबद्दल एक ओळ नव्हती. असणार कशी? ते सगळं कुठल्यातरी दुसऱ्या भाषेतून आलेलं, तिथं निघणारा माणूस निघतो म्हणूनच निघत असणार.

मी लगेच बैठक घेतली. माझा स्वभावच तसा, सुचलं की दम धरवत नाही. "उद्यापासून कुणी येते म्हणायचं नाही. जायचं असेल तर जाते म्हणायचं. स्पष्ट. आणि परत कधी येणार ते सांगायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवंतामावशी उठल्या आणि म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं." मी म्हटलं, "मावशी, पोरीसाठी." त्या म्हणाल्या, "कुनासाठी बी न्हाई जमायचं," आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मला राग आला. उवांच्या वेळी थट्टा केली, आता हा हट्ट. मी तरातरा मागं गेले. त्या कणीक मळत होत्या, फार जोरात मळत होत्या. मी काही बोलायच्या आतच त्या बोलायला लागल्या. "आमचं मालक सकाळी भांडून निघालं. मी म्हटलं, येतो म्हना. तर म्हनले, जातो मी, जातो. खाणीवर कामाला हुते. दुपारी दरड आली." मग कणीक उलटी केली आणि म्हणाल्या, "लेक सासरी निघाली तरी मी तिच्या तोंडावर हात ठेवती, चुकून जाते म्हनंल म्हनून. आन तुमी मला सांगताय."

पुण्याला आम्हाला सांगितलं होतं की सांभाळणाऱ्या माणसांनाही जखमा असतात. मी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं, खाली रेघ मारून. पण इतकी वर्षं मावशींच्या हातचा चहा पिऊन मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. एकीला ‘येते’ सहन होत नव्हतं आणि दुसरीला ‘जाते’. आणि दोघींना एकाच फाटकातून रोज एकमेकींचा निरोप घ्यायचा होता. मी परातीशेजारी पाटावर बसले आणि कणकेचे गोळे करायला लागले.

दोन दिवस मी एकटीच माझं चालवलं. निघताना मायापुढं बसायची आणि सांगायची, "मी आता घरी जाते. उद्या सकाळी दहा वाजता येणार." तोंडातून ‘जाते’ निघताना माझीही जीभ अडखळायची, माझ्या आईनं लावलेलं वळण. माया ऐकून घ्यायची आणि तरीही फाटकाशी जायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "धा म्हंजी दिस किती वर?"

अरे देवा. मेंढरामागं वाढलेल्या पोरीला मी घड्याळ सांगत होते. मी विचारलं, "तुमच्यात कसं सांगतात गं?" तर ती गडगड बोलायला लागली. इतके दिवस न बोललेली पोर, आणि काय बोलली. "दिस कासराभर वर आला की मेंढरं सोडायची. डोक्यावर आला की पानी दावायचं. सावली लांबली की वाघरीकडं वळवायची." वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, हेही तिनंच मला सांगितलं, आणि मला ते माहीत नाही याचं तिला फार हसू आलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही दोघी लिंबाखाली जाऊन उभ्या राहिलो. सूर्य झाडाच्या शेंड्याला टेकला होता. "हितं," ती बोट दाखवून म्हणाली. "हितं आला की तू येनार." मी म्हटलं, "हो." "आन न्हाई आलीस तर?" मी म्हटलं, "तर उशीर झाला असं समज. आणि मी आल्यावर मला रागाव." हे तिला पटलं.

मावशी हे सगळं ओसरीवरून बघत होत्या. त्या संध्याकाळी पाळी संपवून त्यांनी पदर खोचला, मायाजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मी आता घरला. उद्या दिस उगवायला हितं." झालं. त्यांनी जाते-येते दोन्ही काढूनच टाकलं होतं. आता घरला, उद्या हितं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठी मारली, न विचारता. पोरींनी लगेच ते उचललं. बाथरूमला जातानाही एकमेकींना सांगायच्या, आता न्हानीत, मग हितं. माया पहिल्यांदा तेव्हा सगळ्यांबरोबर हसली.

तिनं फाटक एकदम सोडलं नाही. आधी फाटकाशी बसून जेवायची, मग ओसरीच्या पायरीवर, मग लिंबाखाली. चावणं मात्र एका दिवशी थांबलं ते थांबलंच. आम्ही आलेल्यागेलेल्या प्रत्येकाला पढवत होतो. दूधवाल्याला पहिले चार दिवस जाम जमत नव्हतं. किटली उचलायचा, "ये—" म्हणायचा, जीभ चावायचा आणि घाबरून म्हणायचा, "आता डेअरीला, उद्या हितं." समितीच्या एक सदस्य आल्या, आम्ही त्यांनाही सांगितलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही, निघताना पोरीसमोर बसून म्हणाल्या, "मी आता कचेरीत. पुढच्या सोमवारी दुपारी इथं." आणि आल्याही. लांबच्या संस्थेचा विषय त्यांनी आणखी काही दिवस बाजूला ठेवला. संपला नव्हता, बाजूला होता.

मग एके सकाळी माझी फजिती व्हायची ती झाली. दहावीच्या परीक्षा सुरू झालेल्या, रस्त्यात गर्दी, आणि आमच्या फाट्याच्या अलीकडं हळदीची ट्रॉली उलटलेली. रस्ताभर शिजलेली हळकुंडं. बस जागेवर उभी. मी खिडकीतून वर बघितलं. सूर्य कुठं आहे हे बघायची सवय मलाही लागली होती. उतरले आणि सरळ शेतातून धावत सुटले. साडी हातात, पर्स काखेत, या वयात. मधे एक खळं आलं, सगळीकडं हळद वाळत घातलेली, पाय ठेवायला जागा नाही. म्हातारा मालक ओरडला, "आवं बाई, तुडवू नगासा." मी धावता धावताच ओरडले, "पोरगी वाट बघतीय हो." तो म्हणाला, "मग पळा, पळा," आणि स्वतः फावड्यानं हळद बाजूला सारून मला वाट करून दिली. त्याला काय वाटलं असेल कुणास ठाऊक. बाळंतपण वगैरे वाटलं असेल.

मी फाटकातून आत शिरले तेव्हा सूर्य शेंडा सोडून बराच पुढं गेला होता. फाटकाशी कुणी नव्हतं. माया लिंबाखाली ताट घेऊन बसली होती, भाकरीचा तुकडा तोंडात. तिनं एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडं. "उशीर झाला," ती म्हणाली. मी धापा टाकत म्हटलं, "ट्रॉली उलटली गं." तिनं घास गिळला, ठरल्याप्रमाणं मला रागावली, "लवकर निघायचं की मग," आणि परत जेवायला लागली. माझे पाय घोट्यापर्यंत पिवळे झाले होते. मी तिथंच मातीत बसून रडले, हसले, दोन्ही एकदमच चाललं होतं. लेकराला उशीर हा उशीरच वाटावा, यापेक्षा मोठं काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही.

आत्या सापडली ती त्यानंतर. आटपाडीच्या एका दुकानदारानं नंबर दिला. मेंढरं घेऊन ती माणसं तेव्हा खंडाळ्याच्या बाजूला होती. तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, दोन रात्री याच्या शेतात, दोन रात्री त्याच्या. हौसाआत्या दोन एसट्या बदलून आल्या. उंच बाई, हिरवं लुगडं, अंगाला लोकरीचा वास. भावजयीनं पोर सोडली हे त्यांना माझ्या फोनवरूनच कळलं होतं. त्या मायाशेजारी बसल्या, फार बोलल्या नाहीत, कोकरं किती झाली तेवढं सांगितलं. माया त्यांच्या पदराचा वास घेत होती. तास झाला. समितीच्या त्याच सदस्य तिथं होत्या, मावशी दारात, मी खिडकीशी. आत्या उठल्या, पदर सावरला, मायाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाल्या, "येतो गं बाळा."

आम्ही तिघीही जागच्या जागी थिजलो. आत्याला सांगायचंच राहिलं होतं. दूधवाल्याला पढवलं, गॅसवाल्याला पढवलं, आणि जिला सांगायचं तिलाच नाही. मी मायाकडं बघितलं. तिचा चेहरा पहिल्या दिवशीसारखा होऊ लागला होता, ओठ आत ओढलेले. आता ती फाटकाशी जाणार, मला ते दिसत होतं. महिन्याभराचं सगळं पाण्यात, वर समितीच्या डोळ्यांसमोर.

"कवा?" माया म्हणाली.

आत्या गोंधळल्या. "येतो की."

"येतो म्हंजी कवा?"

आई स्टँडवर उठली तेव्हा मायाकडं हा शब्द नव्हता. आत्या परत खाली बसल्या. बोटं मोजायला लागल्या. आज मेंढरं कुणाच्या रानात, परवा कुठं, बाजार कधी. "बेस्तरवारी," त्या म्हणाल्या. "सावली लांबायच्या आत." आणि त्या आल्या. गुरुवारी, उन्हाच्या तिरपीत, डोक्यावर पदर घेऊन. त्याच दिवशी त्यांनी समितीला सांगितलं, "औंदापास्नं मी मेंढरामागं जात न्हाई. मालक आन दीर जातील. मी घरला ऱ्हातो हिच्यासंगं. हिला शाळंत घालतो." समितीनं घर बघून यायला माणूस पाठवला, शाळा बघितली, आणखी चार वेळा आत्यांना बोलावलं. आत्या चारही वेळा सांगितल्या दिवशी आल्या.

आता लिहिताना हे सगळं फार सरळ झाल्यासारखं वाटतंय. तसं नसतं. ‘आता घरला, उद्या हितं’ म्हणून सगळ्या मुली बऱ्या होत नाहीत. आज आमच्याकडं एक आहे, तिला कुणी निघताना काहीच बोललेलं चालत नाही, तिच्यापुढून गुपचूप उठावं लागतं. दुसरीला दार लावल्याचा आवाज सहन होत नाही आणि दार उघडं ठेवलं तर तिसरीला झोप लागत नाही. प्रत्येकीची कुठली गोष्ट कशाला लागून दुखते हे कुठल्याच वहीत सापडत नाही. चावून घ्यावं लागतं, चुकावं लागतं, आणि चुकल्यावर बुक्की मारण्याइतका तिचा आपल्यावर भरवसा बसला असावा लागतो. मला या कामाचा कंटाळा का येत नाही असं लोक विचारतात. कसा येईल? उद्या सकाळी कुठला शब्द सापडणार आहे कुणास ठाऊक.

माया निघाली तो दिवस हळदीच्या हंगामाच्या अगदी शेवटचा. पलीकडच्या खळ्यावर हळद घासायचं पिंप फिरत होतं, त्याच्या खडखडाटात कुणाचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. आत्यांनी कागदावर अंगठा उठवला. पोरींनी मायाला एक जुनी रिबीन दिली, कुणी अर्धी पेन्सिल. मावशींनी तिच्या कपाळावर कुंकू लावलं, विचारून. आणि मग इतके दिवस आवरलेलं त्यांचं मन एकदम उफाळून आलं. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "बाळा, निघताना तेवढं येते म्हन गं. आजच्या दिस. माझ्यासाठी म्हन."

म्हणू दे की, मलाही वाटलं. एवढं एकदा म्हणू दे. माया मावशींकडं बघत राहिली, मग माझ्याकडं, मग फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आत्यांकडं. तिनं नीट विचार केला. तिला मावशींचं मन मोडायचं नव्हतं, ते दिसत होतं. मावशींचे हात तिनं सोडले नाहीत.

"न्हाई येनार," ती म्हणाली. "आता मी घरला."